शेवटच्या नळाची नोंदवही

१२ मे, रविवार

तालमीत बैठक झाली. कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतले १२ नळ निवडायचे आणि सोमवार, बुधवार, शनिवार पहाटे पाणी आलं की तपासायचं, गणपतीपर्यंत, असं ठरलं. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काम केलं, म्हणून वही माझ्याकडे. धावपळीला तालमीतली सहा पोरं. फुटबॉलमुळे पहाटे उठायची सवय त्यांना आहेच. पाणी तपासायच्या किटचा खर्च तालमीच्या वर्गणीतून.

नळ निवडताना पाईप पेठेत शिरतो तिथला एक घेतला, मधले चार घेतले आणि बाकी सात गल्ल्यांच्या टोकांचे. टोकाच्या नळांवर माझा भर आहे. पुईखडीच्या फिल्टर हाऊसमधून पाणी स्वच्छ होऊन निघतं, टाकीत साठतं आणि मग जमिनीखालून, गटारींच्या शेजारून, जुन्या-नव्या जोडांतून घरापर्यंत येतं. वाटेतल्या धोक्यासाठी त्यात थोडा क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवलेला असतो. घाण शिरली तर तो तिच्यावर खर्च होतो. शेवटच्या नळाला तो सापडला म्हणजे मधली वाट बहुधा ठीक आहे. सापडला नाही, तर पाणी कितीही नितळ दिसो, कुठेतरी काहीतरी बिघडलंय.

वहीच्या पहिल्या पानावर पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० मधले आकडे लिहून ठेवले. शिल्लक मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम, विषाणूंचा धोका असेल तेव्हा किमान ०.५. गढूळपणा जास्तीत जास्त १ एनटीयू (हे त्याचं माप), दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते, ६.५ ते ८.५. विष्ठेतून येणारे ई. कोलाय जंतू १०० मिलिलिटरमध्ये एकही नको.

१३ मे, सोमवार

पहिली फेरी. पाणी पहाटे साडेपाचला आलं. १२ पैकी ११ नळांना क्लोरीन ०.३ ते ०.५. एका अपार्टमेंटच्या स्वयंपाकघरातल्या नळाला शून्य. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर थेट लाईनचा नळ आहे, तिथे ०.४. म्हणजे दोष पाईपात नाही, गच्चीवरच्या टाकीत आहे. उद्या बघायचं.

गल्लीतले एक आजोबा कट्ट्यावर बसून आमचं सगळं बघत होते. म्हणाले, "पाणी कसलं तपासतासा वैनी? काचंवानी दिसतंय की." मी नळीत पाणी घेऊन त्यात डीपीडीचे, म्हणजे क्लोरीन असला की रंग देणाऱ्या रसायनाचे, थेंब टाकले. गुलाबी रंग चढला. आजोबा चष्मा पुसून दोनदा बघून गेले.

१५ मे, बुधवार

पोरांचा एक वर्ग घेतला, कारण परवा दोघांनी नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून हलवलं. बोटाचा मळ आणि घाम क्लोरीन खातो, आकडा कमी येतो. बूच लावूनच हलवायचं. नळी बाहेरून कोरडी पुसायची. रंग उजेडात, पांढऱ्या कागदासमोर बघायचा आणि लगेच बघायचा, गप्पा मारून झाल्यावर नाही. उशीर झाला की दुसऱ्या पदार्थांशी बांधला गेलेला क्लोरीनही रंग देऊ लागतो आणि आकडा उगाच वाढतो. पूर्वी आम्ही ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब वापरायचो, पिवळा रंग यायचा. ते रसायन अंगाला चांगलं नाही, म्हणून मी ते पोरांच्या हातात दिलं नाही.

जंतूंच्या तपासणीची बाटली वेगळी. ती निर्जंतुक केलेली असते आणि तळाशी सोडियम थायोसल्फेटचा कण असतो. पोरांनी विचारलं, हा कशाला? तो बाटलीतला क्लोरीन मारतो. नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत क्लोरीन बाटलीतच जंतू मारत राहील आणि नळाला घाण असूनही अहवाल स्वच्छ येईल. हे ऐकल्यावर सगळे गप्प झाले. तपासणीची पद्धत चुकली तर वाईट पाणीही चांगलं ठरतं, हे त्यांना समजलं.

१८ मे, शनिवार

सगळे ठीक. अपार्टमेंटचा नळ अजून शून्यच.

एका घरी शुद्धीकरण यंत्राचा विक्रेता येऊन गेला होता. त्याने टीडीएसचं पेन बुडवून ११० आकडा दाखवला आणि "पाणी खराब आहे" म्हणून सांगितलं. काकू घाबरल्या होत्या. मानकात ५०० पर्यंत सरळ चालतं. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, बाकी काही नाही. सह्याद्रीच्या पावसाचं पाणी मुळात मऊ असतं. कॉलऱ्याचे जंतू भरलेल्या पाण्याचाही टीडीएस ११० येऊ शकतो आणि खडकातल्या निर्मळ झऱ्याचा ४०० येऊ शकतो. ते पेन जंतूंबद्दल एक अक्षर सांगत नाही. माणसांची भीती अशी विकलेली बघून जीव तुटतो.

२५ मे, शनिवार

अपार्टमेंटची टाकी धुतली. ५,००० लिटरची सिमेंटची टाकी, झाकणाचा कोपरा फुटलेला, तळाला चार बोटं गाळ. सहा वर्षं कुणी आत उतरलं नव्हतं. गाळात कबुतराची पिसं निघाली. शून्य का येत होतं ते कळलं.

पद्धत लिहून ठेवते, पुढच्या वर्षी लागेल. आधी पूर्ण रिकामी केली, गाळ बादल्यांनी काढला, भिंती ब्रशने घासल्या. आत उतरणारा एकटा नाही, वर दोघे उभे. मग टाकी भरून लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन बसेल इतकी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हिशोब: ५,००० लिटरला २५० ग्रॅम क्लोरीन लागतो. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्के क्लोरीन धरला तर साधारण ७६० ग्रॅम पावडर. पावडर कोरडी टाकायची नाही. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी टाकायचं. रात्रभर ठेवलं, घराघरातल्या तोट्या थोडा वेळ सोडून पाईपातही ते पाणी खेळवलं आणि "वापरू नका" असा कागद प्रत्येक दारावर लावला. सकाळी सोडून दिलं, दोनदा धुतली, नवीन झाकण बसवलं, ओव्हरफ्लोच्या पाईपाला जाळी.

टीसीएलची पिशवी उघडी राहिली की तिचा जोर उडतो. डब्यात, घट्ट बूच लावून, अंधारात, कोरड्या जागी. गेल्या वर्षीची दमट पिशवी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये.

२७ मे, सोमवार

त्याच स्वयंपाकघरातल्या नळाला ०.३.

८ जून, शनिवार

मृग लागला. संध्याकाळी पहिला दणका पाऊस झाला. सकाळचे आकडे ठीक होते, तरी पोरांना सांगून ठेवलं की आता खरी परीक्षा.

पहिल्या पावसाचं पाणी सगळ्यात अवघड असतं. आठ महिने उघड्यावर पडलेलं सगळं, शेतातली माती, गोठ्याचं शेण, सुकलेली पानं, एका झटक्यात ओढ्यांतून नदीत येतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्याच लाल होतात. बालिंगा आणि शिंगणापूरचे उपसे नदीवर आहेत, त्यांना हे सोसावं लागतं. काळम्मावाडीच्या धरणातून थेट पाईपलाईनने ५० किलोमीटरहून जास्त अंतर कापून पाणी येतं. ते २०२३ मध्ये शहरात पोहोचलं. धरणात गाळ बसायला वेळ मिळतो, म्हणून हे पाणी एवढं बिघडत नाही. या पाईपलाईनसाठी शहर किती वर्षं भांडलं ते माझ्या पिढीने पाहिलंय.

फिल्टर हाऊसमध्ये अशा दिवसांत तुरटीचं प्रमाण रोज बदलावं लागतं. पूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन जायचे तेव्हा सगळ्यात आवडायची ती जार टेस्ट. सहा काचपात्रांत तेच गढूळ पाणी, प्रत्येकात तुरटी वेगळी, पाती आधी जोरात आणि मग हळू फिरतात. एका पात्रात कापसासारखे गोळे धरतात आणि पाणी निवळतं. त्या पात्रातलं प्रमाण त्या दिवसाचं. कमी पडली तर गढूळपणा राहतो, जास्त झाली तरी निवळत नाही. गढूळ पाण्यात क्लोरीन घालून उपयोग होत नाही. जंतू मातीच्या कणांआड दडून बसतात आणि क्लोरीन त्या मातीवरच संपतो. म्हणून आधी तुरटी, मग वाळूचा थर, मग क्लोरीन, हा क्रम.

२९ जून, शनिवार

तीन आठवड्यांत बाराही नळ ०.२ च्या वर. "पाण्याला पावडरचा वास येतोय" अशा चार तक्रारी. त्यांना सांगितलं, तो वास हीच तुमच्या पाण्याची राखण आहे. पिण्याचं पाणी स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात तासभर ठेवा, वास थोडा कमी होतो.

तालमीतला रांजण रोज धुवायचा नियम केला. सकाळी भरला तेव्हा ०.३, संध्याकाळी शून्य. मातीच्या भांड्यात क्लोरीन टिकत नाही. पाणी ओगराळ्याने काढायचं, हात बुडवायचा नाही. पैलवान मंडळींनी मानलं.

१ जुलै, सोमवार

१२ नंबरला ०.१. बाकी सगळे ०.४ च्या आसपास. हा नळ बोळाच्या अगदी टोकाला आहे, बोळ किंचित चढावर. पोराचा हात चुकला असेल म्हणून स्वतः पुन्हा केलं. ०.१.

३ जुलै, बुधवार

१२ नंबर: शून्य.

आज मिनिटांवर मोजलं. पाणी आल्याच्या पहिल्या मिनिटाला शून्य, आणि किंचित मातकट. पाचव्याला ०.१. पंधराव्याला ०.३. पाणी वाहत राहिलं की सुधारतं. म्हणजे मोठ्या लाईनमधून येणारं पाणी चांगलं आहे आणि घाण पाणी बंद असतानाच्या तासांत शिरते. पहिल्या मिनिटाचं पाणी एचटूएसच्या बाटलीत (घाणीचे जंतू असले की ही काळी पडते) घेतलं आणि गरम जागी ठेवलं.

बोळात चार घरं. चारीही घरी जाऊन सांगितलं: अहवाल येईपर्यंत पिण्याचं पाणी खळखळून उकळायचं, आणि नळ आल्यावर पहिली पंधरा मिनिटं भरलेलं पाणी फक्त धुण्याला. एका घरात गरोदर सून आहे. तिच्याकडे पुन्हा गेले. २०१२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात इचलकरंजीला काविळीची मोठी साथ आली, ती हिपॅटायटिस ई ची. दूषित पाण्यातून पसरणारी ही कावीळ गरोदर बाईच्या जिवावर उठते. तिला घाबरवायचं नव्हतं, पण गुळमुळीतही बोलायचं नव्हतं. स्पष्ट सांगितलं. तिने लगेच पातेलं चुलीवर चढवलं.

४ जुलै, गुरुवार

बाटली काळीठिक्कर, २४ तास व्हायच्या आतच. ही चाचणी नक्की कोणता जंतू ते सांगत नाही, विष्ठेचा संसर्ग असण्याची दाट शक्यता दाखवते. पाणीपुरवठा विभागाला फोन केला, फोटो पाठवला. दुपारी माणसं आली, रीतसर नमुना घेऊन गेली.

६ जुलै, शनिवार

आजची नोंद चावीवाल्या मामांची. पेठेचे व्हॉल्व्ह ते बावीस वर्षं फिरवतात. कुठला किती आटे फिरतो ते त्यांना तोंडपाठ आहे. मी आकड्यांचा कागद दाखवला. त्यांनी तो नीट वाचला आणि म्हणाले, "काकू, पाणी गेल्यावर एक फुलपात्र भरून तोटीखाली धरा. तोटीचं तोंड पाण्यात बुडवा आन् गप बघत ऱ्हावा."

साडेआठला पाणी गेलं. १२ नंबरची तोटी उघडी ठेवून तिचं तोंड भरल्या फुलपात्रात बुडवलं. पाचेक मिनिटांनी फुलपात्रातलं पाणी वर चढायला लागलं. आवाज करत नळाने ते ओढून घेतलं, फुलपात्र रिकामं. भोवती आठ-दहा माणसं होती, कुणी बोलेना.

पुस्तकात याला ऋण दाब म्हणतात. व्हॉल्व्ह बंद झाला की लाईनमध्ये उरलेलं पाणी उताराकडच्या नळांतून निघून जातं आणि चढावरच्या टोकाला पोकळी होते. ती भरायला पाईप मिळेल तिथून ओढतो. हवा मिळाली तर हवा, फुलपात्र मिळालं तर फुलपात्र. पाईपाला छिद्र असेल आणि ते गटारीत असेल तर गटारीतलं. मी हे पंचवीस वर्षं शिकवलंय, पण असं डोळ्यांनी बघितलं नव्हतं. मामांना नमस्कार केला. ते संकोचले.

आणखी एक कळलं. शेजारच्या घरी मोटर थेट नळाला जोडलेली आहे. ती चालू असते तेव्हा ओढ कितीतरी पटीने वाढते.

८ जुलै, सोमवार

विभागाच्या परवानगीने प्लंबरने बोळातली गटार उघडली. चारपैकी दोन घरांचे कनेक्शनचे पाईप गटारीच्या आतून गेलेत, जुने लोखंडी. एकावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, ती सडलेली. पट्टी सोडल्यावर टाचणीच्या डोक्याएवढी तीन छिद्रं दिसली. पाणी चालू असताना त्यांतून बारीक धार बाहेर येते आणि बंद झालं की तीच छिद्रं गटारीचं पाणी आत घेतात. एरवी गटार तुडुंब नसते, पावसाळ्यात पाईप बुडतो. मेमध्ये आकडे चांगले होते आणि जुलैत बिघडले ते यामुळे.

दोन्ही पाईप बदलून एमडीपीईचे (प्लास्टिकचे) टाकले, गटारीच्या वरून, आवरणाच्या पाईपातून. एक घर एकट्या आजींचं आहे, त्यांचा खर्च तालमीने उचलला. आजींनी पोरांना चहा आणि खारी दिली.

मोटरवाल्या काकांशी बोलणं सोपं गेलं नाही. "धार येत न्हाई तर मी काय करू?" त्यांचं बरोबरच होतं, धार खरोखर बारीक आहे. त्यांना फुलपात्र दाखवलं, त्यांचीच मोटर चालू करून, शेजारच्या तोटीवर. ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, दारात जमिनीलगत छोटा हौद बांधतो, पाणी आपोआप हौदात पडू दे, मोटर हौदावर लावतो. हेच योग्य आहे. नळाला थेट मोटर लावणारा शेजाऱ्याचं पाणी ओढतोच, पण गटारही ओढतो, स्वतःच्या घरात आधी.

१० जुलै, बुधवार

टोकाची लाईन सोडून धुवून घेतली. १२ नंबर: पहिल्या मिनिटाला ०.३, पंधराव्याला ०.४. उकळणं अजून चालू ठेवायला सांगितलं.

१३ जुलै, शनिवार

पुन्हा ०.३. नवी एचटूएसची बाटली ४८ तास पिवळीच राहिली. चार घरांना कळवलं. त्या सुनेला सांगितलं, तू मात्र बाळंत होईपर्यंत उकळूनच पी.

२४ जुलै, बुधवार

पाऊस थांबत नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडायला लागले की इथे सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीकडे डोळे लावतात: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठचे उपसे पाण्याखाली गेले आणि शहर कित्येक दिवस नळाविना राहिलं. भोवती महापूर आणि घरात घोटभर पाणी नाही. टँकरमागे धावणाऱ्या बाया मी पाहिल्यात, त्यांच्यात मीही होते.

म्हणून आज तयारी. तालमीत टीसीएलचे दोन घट्ट डबे. टँकरच्या पाण्यात टीसीएल किती घालायची ते भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलं: १,००० लिटरला २.५ ग्रॅम, कालवून, निवळ घालून, अर्धा तास थांबून मगच प्यायला. अर्ध्या तासानंतर किटने तपासायचं, ०.५ च्या खाली असेल तर पुन्हा थोडं. अर्धा तास कुणाला धीर धरवत नाही, हे मला माहीत आहे. पण क्लोरीनला जंतू मारायला तेवढा वेळ लागतोच.

२७ जुलै, शनिवार

नळाला पाणी आहे, पण गढूळपणाची छटा. क्लोरीन वाढवलेला दिसतो, बहुतेक ठिकाणी ०.६. सात घरांनी वासाची तक्रार केली. आज मी त्यांना तासभर ठेवायलाही सांगितलं नाही. असंच प्या म्हटलं.

५ ऑगस्ट, सोमवार

पाणी ओसरतंय. पेठेत जुलाबाचा एकही रुग्ण नसल्याचं दोन्ही दवाखान्यांत विचारून खात्री केली.

१४ ऑगस्ट, बुधवार

सगळे ठीक. ३ नंबरला ०.२, लक्ष ठेवायचं.

१७ ऑगस्ट, शनिवार

३ नंबरला ०.४. बुधवारी नमुना घेणारा पोरगा आदल्या रात्रीची धुतलेली नळी ओलीच घेऊन गेला होता. स्वतःहून सांगितलं त्याने. मला फार बरं वाटलं.

३१ ऑगस्ट, शनिवार

बोळातल्या उरलेल्या दोन घरांचेही पाईप बदलून घेतले. त्यांनीच पैसे काढले, कुणी मागे लागलं नव्हतं. शेजारच्या दोन गल्ल्यांत पोरांनी स्वतः फुलपात्र धरून बघितलं. एका तोटीने ओढलं. तिथेही पाईप गटारीत. नोंद घेतली, १३ नंबर दिला.

७ सप्टेंबर, शनिवार, गणेश चतुर्थी

पहाटेची फेरी मूर्ती आणायच्या आधी उरकली. १२ नंबर ०.४. महाप्रसादासाठी आणलेली २,००० लिटरची टाकी आतून घासून, क्लोरीनने धुवून मग भरली, झाकणाला कडी लावली. आचाऱ्याला सांगितलं की पाणी काढायला वेगळी बादली, ती खाली जमिनीवर ठेवायची नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

ठरलेल्या मुदतीतली शेवटची फेरी. १३ नळ, सगळ्यात कमी ०.२, सगळ्यात जास्त ०.५. १३ नंबरचा पाईप अजून बदलायचाय, त्या घरी उकळणं चालू आहे. प्लंबर विसर्जनानंतरच्या गुरुवारी येतो म्हणालाय.

पोरांनी विचारलं, वही बंद करायची का? डीपीडीची बाटली अर्धी शिल्लक आहे, दोन महिने पुरेल. बुधवारी साडेपाचला कोण येणार त्यांची नावं मागच्या पानावर लिहून घेतली.